उघड्या बाटलीचा गुन्हा

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत बिअरचा उघडा कॅन हातात घेऊन फुटपाथवर उभे राहणे हा गुन्हा आहे. पिणारा शुद्धीत आहे की झिंगलेला, त्याने कोणाला त्रास दिला की नाही, हे प्रश्न तिथे विचारलेच जात नाहीत. गाडीच्या बाबतीतही बहुतेक राज्यांत तोच न्याय आहे. बूच निघालेली बाटली गाडीत बसलेल्यांच्या हाताला लागेल अशा जागी सापडली की पुरे, मग ती काठोकाठ असो की तळाशी घोटभर उरलेली असो. हे कायदे तिथल्या जीवनात इतके मुरले आहेत, की ते दारूबंदीच्या काळापासून किंवा थेट प्युरिटन वसाहतवाल्यांपासून चालत आले असावेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. त्याआधी कायदा शिक्षा करत होता ती दारुड्याला. बाटलीकडे त्याचे फारसे लक्ष नव्हते.

दारुड्याला शिक्षा करण्याची रीत वसाहतवाल्यांनी इंग्लंडहून नेली. पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत, १६०६ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने दारू पिऊन तर्र होणे हाच गुन्हा ठरवला. दंड पाच शिलिंग, आणि तो भरता आला नाही तर सहा तास पाय खोड्यात. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६३४ साली रॉबर्ट कोल्स नावाच्या माणसाला वारंवार झिंगून पडल्याबद्दल वर्षभर गळ्यात पांढऱ्या कापडावर लाल ‘डी’ अक्षर बांधून फिरण्याची शिक्षा झाली. हा ‘डी’ म्हणजे ड्रंकर्ड. दारूला मात्र त्या समाजात कोणी पाप मानत नव्हते. बिअर आणि सायडर ही रोजच्या जेवणातली पेये होती, आणि गावची खानावळ हीच बऱ्याचदा गावची चावडीही असे. पाप होते ते तोल जाण्यात.

याच्या जोडीला आले ते भटकेगिरीविरुद्धचे कायदे. कामधंद्याविना फिरणारे, भिकारी, जुगारी, रात्री-अपरात्री हिंडणारे आणि ‘नेहमीचे दारुडे’ अशा याद्याच या कायद्यांत असत. माणसाने अमुक एक कृत्य केले हे सिद्ध करावे लागत नसे. तो त्या यादीतल्या जातीचा आहे असे पोलिसाला वाटले तरी भागत असे. इंग्लंडच्या एलिझाबेथकालीन कायद्यांतली ही भाषा अमेरिकेच्या नगरपालिकांच्या नियमांत जवळजवळ जशीच्या तशी उतरली आणि १९७० च्या दशकापर्यंत टिकली. एवढे सर्वसमावेशक हत्यार हाताशी असताना बाटलीसाठी वेगळा नियम करण्याची गरज कोणाला भासणार?

१९२० ते १९३३ ही दारूबंदीची तेरा वर्षे या इतिहासात वाटते तेवढी महत्त्वाची नाहीत. व्होल्स्टेड कायद्याने दारूचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली. बंदीआधी घरात साठवलेली दारू घरी बसून पिणे मात्र गुन्हा नव्हता. या काळाने मागे ठेवलेली एक गोष्ट पुढे फार कामाला आली, ती मोटारगाडीच्या झडतीची. मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सहून डेट्रॉइटकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिसेंबर १९२१ मध्ये दारूबंदी अधिकाऱ्यांनी एक ओल्ड्समोबाइल गाडी अडवली. आसनाची पाठ नको तेवढी टणक लागली म्हणून त्यांनी गादी फाडली, तर आत व्हिस्की आणि जिनच्या ६८ बाटल्या निघाल्या. झडतीचे वॉरंट नव्हते. हे प्रकरण कॅरोल विरुद्ध युनायटेड स्टेट्स या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. घर जागचे हलत नाही, गाडी मात्र वॉरंट येईपर्यंत हद्दीबाहेर जाऊ शकते, म्हणून सबळ संशय असल्यास गाडीची झडती वॉरंटशिवाय घेता येते, असा निकाल १९२५ साली लागला. दारूबंदी उठली, हा निकाल राहिला. आजही अमेरिकेत गाडीच्या झडतीची कायदेशीर चौकट तोच पुरवतो.

दारूबंदी उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूचा कारभार राज्यांकडे सोपवला. परिणामी राज्यागणिक, कित्येकदा जिल्ह्यागणिक, निराळे नियम झाले. एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सारखी होती: परवाना दुकानाला आणि बारला लागे, पिणाऱ्याला नाही. ‘परमिट रूम’च्या पाट्या पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्या माणसाच्या हातात परवाना दिला; अमेरिकेने जागेच्या भिंतीवर तो टांगला. त्या जागेबाहेर, म्हणजे रस्त्यावर, कोणी प्याले तर काय, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी कायद्यात लिहिलेलेच नव्हते.

ते लिहायला भाग पाडले शहरांच्या एका विशिष्ट वस्तीने. न्यूयॉर्कची बावरी, शिकागोची वेस्ट मॅडिसन स्ट्रीट, सिएटलमध्ये येस्लर वेच्या आसपासचा भाग, अशा वस्त्यांना अमेरिकेत स्किड रो म्हणतात. हंगामी मजूर, रेल्वेमार्गावरची कामे संपलेले कामगार, कुटुंबापासून तुटलेले वयस्क पुरुष तिथे राहत. रात्रीपुरती मिळणारी खुराड्याएवढी खोली, धर्मादाय संस्थांचे सूप आणि स्वस्त गोड वाइन यांवर त्यांचा दिवस निघे. बारमध्ये बसण्याइतके पैसे एकट्याच्या खिशात नसत. म्हणून तिघे-चौघे मिळून नाणी जमवत, एक जण दुकानातून बाटली आणी, आणि एखाद्या गल्लीत किंवा मोकळ्या प्लॉटवर बसून ती ठरलेल्या क्रमाने फिरवली जाई. १९५० च्या दशकातल्या समाजशास्त्रज्ञांनी या टोळक्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांना ‘बॉटल गँग’ म्हटले. गँग हा शब्द फार भारी वाटतो. प्रत्यक्षात ती वर्गणी काढून चालवलेली मैफल होती आणि तिला शिस्तही होती. ज्याने जास्त पैसे घातले त्याचा घोट पहिला, आणि दुसऱ्याची पाळी चोरणाऱ्याला पुढच्या खेपेला जागा नसे.

शेजारपाजारच्या दुकानदारांना आणि नगरसेवकांना ही माणसे नको होती. अडचण अशी की बाटली फिरत असताना त्यांतला कोणीही अजून ‘झिंगलेला’ नसे. झिंगेपर्यंत पोलिसाने वाट पाहायची. शिकागोने १९५३ साली सार्वजनिक वाटेवर दारू पिणेच गुन्हा ठरवले. देशभरातल्या अशा नियमांत हा अगदी सुरुवातीचा गणला जातो. तरी त्याचे अनुकरण सावकाश झाले, कारण जुने हत्यार अजून चालत होते, आणि ते किती चालत होते हे पाहण्याजोगे आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या गुन्हेविषयक आयोगाने १९६७ साली दिलेल्या अहवालात १९६५ या एका वर्षात सार्वजनिक ठिकाणी झिंगलेले असण्याबद्दल सुमारे २० लाख अटका झाल्याचे नमूद केले आहे. अमेरिकेत होणाऱ्या दर तीन अटकांमागे ही एक. पुन्हा ती २० लाख वेगवेगळी माणसे नव्हती. तोच माणूस रात्री कोठडीत, सकाळी न्यायाधीशापुढे, दोन मिनिटांत शिक्षा, काही दिवसांनी सुटका आणि संध्याकाळी पुन्हा त्याच कोपऱ्यावर.

या चक्राला पहिला धक्का न्यायालयांतून बसला. व्यसनाधीन असणे ही अवस्था आहे, कृत्य नव्हे, आणि अवस्थेला शिक्षा करणे घटनेला मान्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या अमली पदार्थांच्या खटल्यात म्हटले. दारूच्या व्यसनाला हेच सूत्र का लागू नये, असा प्रश्न वकिलांनी लगेच उचलला. १९६६ साली दोन संघीय अपील न्यायालयांनी जुनाट मद्यपींना झिंगण्याबद्दल दोषी ठरवता येणार नाही असे निकाल दिले. त्यांतल्या एका खटल्यातल्या आरोपीला याच गुन्ह्यासाठी आधी दोनशेहून अधिक वेळा शिक्षा झाली होती.

प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो टेक्सासमधून. ऑस्टिन शहरात बूटपॉलिश करणाऱ्या पॉवेल नावाच्या माणसाला झिंगलेल्या अवस्थेत रस्त्यावर सापडल्याबद्दल पन्नास डॉलर दंड झाला होता. पॉवेल विरुद्ध टेक्सास या १९६८ च्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो दंड कायम राहिला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांचे म्हणणे असे, की शिक्षा व्यसनाला नाही, त्या अवस्थेत सार्वजनिक जागी येण्याला आहे. निर्णायक पाचवे मत न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे होते आणि त्यांनी ते एका अटीने दिले. पॉवेलला घर होते. तो घरात राहू शकला असता. ज्याला घरच नाही आणि व्यसनही सुटत नाही, त्याला रस्त्यावर झिंगल्याबद्दल शिक्षा करता येईल का, याबद्दल त्यांनी गंभीर शंका व्यक्त केली. शंका बिनतोड होती. ज्याला दार लावून घ्यायला दारच नाही, त्याचे सगळे आयुष्य सार्वजनिक जागीच जाते. त्याच्यासाठी ‘रस्त्यावर पिऊ नका’ आणि ‘पिऊ नका’ या दोन आज्ञा एकच होतात. पुढे आलेल्या कायद्यांनी या शंकेचे उत्तर दिले नाही. त्यांनी तिला वळसा घातला.

सरकारांनी काही काळ वेगळी वाटही धरून पाहिली. १९६६ साली सेंट लुइस पोलिसांनी दारुड्यांना कोठडीऐवजी नेण्यासाठी उपचारकेंद्र काढले. बावरीतही असा प्रकल्प सुरू झाला. १९७१ साली राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार करण्यात आला. मद्यपीला गुन्हेगार न मानता रुग्ण मानावे, असे तो सांगत होता. पुढच्या दशकात निम्म्याहून अधिक राज्यांनी तो कमीजास्त फेरफार करून स्वीकारला. कागदावर झिंगणे हा गुन्हा अनेक ठिकाणी उरला नाही. पण उपचारकेंद्रांतल्या खाटा थोड्या आणि पैसा त्याहून थोडा. पोलिसाने माणसाला उचलून न्यायचे कुठे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

दुसरा धक्का १९७२ चा. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात दोन कृष्णवर्णीय तरुण आणि दोन गोऱ्या तरुणी एका गाडीतून हॉटेलातले जेवण आटोपून नाइटक्लबकडे निघाल्या असताना पोलिसांनी त्यांना पकडले. आरोप होता ‘गाडीतून टेहळणी करत फिरण्याचा’. काही भुरट्या चोऱ्यांचा आणि भटकेगिरीचा आरोप असलेली आणखी प्रकरणे या खटल्यात एकत्र आली. पापाख्रिस्तू विरुद्ध जॅक्सनव्हिल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहराचा भटकेगिरीचा नियम एकमताने रद्द ठरवला; निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचे होते. लफंगे, रात्री भटकणारे, नेहमीचे दारुडे, रिकामटेकडे अशी लांबलचक यादी देणारा हा नियम इतका मोघम होता, की कोणालाही पकडण्याची मोकळीक पोलिसाला त्यातून मिळत होती, हे निकालाचे सार. एका फटक्यात देशभरातले असे शेकडो नियम लंगडे पडले.

आता शहरांना असा नियम हवा होता जो माणसाच्या अवस्थेला हात लावणार नाही आणि मोघमही नसेल. उघडी बाटली या दोन्ही कसोट्यांना उतरत होती. ती वस्तू आहे, डोळ्यांना दिसते, आत काय आहे ते तपासता येते, आणि हातात असणे हे निःसंशय कृत्य आहे. प्रत्येक नगरपालिकेने सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पुढ्यात घेऊन हिशेब मांडला असे नव्हे. उन्हाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर जमणारी टोळकी, फुटलेल्या काचा आणि रहिवाशांच्या तक्रारी ही तत्कालीन कारणे ठिकठिकाणी होतीच. तरीही १९७० आणि १९८० च्या दशकांत असे नियम एकाएकी इतक्या शहरांत का आले, याचे उत्तर त्या रिकाम्या झालेल्या जागेतच सापडते.

न्यूयॉर्कने १९७९ साली, एड कॉच महापौर असताना, हा नियम केला. त्याची रचना कसबी आहे. सार्वजनिक जागी दारू पिणे गुन्हा, आणि पिण्याच्या इराद्याने उघडे भांडे जवळ बाळगणेही गुन्हा. इरादा सिद्ध करणे अवघड, म्हणून कायदा असे गृहीत धरतो की भांडे उघडे आहे त्याअर्थी इरादा आहे; नसल्यास ते आरोपीने दाखवून द्यावे. शिक्षा २५ डॉलरपर्यंत दंड किंवा पाच दिवसांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. परवानगी काढलेल्या गल्लीतल्या जत्रेला सूट, आणि फुटपाथवर टेबले मांडण्याचा परवाना असलेल्या हॉटेललाही सूट. एकाच फुटपाथवर गुडघ्याएवढ्या कठड्याच्या आतल्या बाजूला वाइनचा ग्लास हे जेवणाचे अंग ठरते आणि बाहेरच्या बाजूला तोच ग्लास समन्सचे कारण होतो. मद्य तेच, रस्ता तोच. फरक असतो तो आत बसण्याचे पैसे खिशात आहेत की नाहीत याचा.

अमेरिकन सिनेमांतून जगभर पोचलेली तपकिरी कागदी पिशवीतली बाटली ही याच कायद्यांची संतती. पिशवीने कायद्यातून सुटका होते हा समज खोटा आहे. पिशवीतली उघडी बाटलीही उघडीच. पण पिशवीमुळे पोलिसाला न पाहिल्यासारखे करण्याची सोय मिळते. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ साली ‘अटलांटिक’ मासिकात लिहिलेल्या ‘ब्रोकन विंडोज’ या गाजलेल्या लेखात न्यूअर्क शहरातल्या एका गस्तीच्या पोलिसाचे अलिखित नियम दिले आहेत. दारुड्यांनी पायऱ्यांवर बसावे, आडवे होऊ नये. प्यावे ते बाजूच्या गल्ल्यांत, मुख्य चौकात नाही. आणि बाटली कागदी पिशवीत असावी. लेखकांना या समजुतीत शहाणपण दिसले, आणि ते होतेही. मात्र हा लेख पुढे ज्या धोरणाचा आधार झाला त्यात समजुतीला जागा उरली नाही.

१९९४ साली रुडॉल्फ ज्युलियानी न्यूयॉर्कचे महापौर झाले आणि विल्यम ब्रॅटन पोलीस आयुक्त. बारीकसारीक गुन्ह्यांवर कडक नजर ठेवली की मोठे गुन्हे आपोआप आटोक्यात येतात, या भूमिकेतून उघड्या बाटलीचा नियम जोमाने राबवला जाऊ लागला. पोलिसांच्या दृष्टीने त्याचे मोल २५ डॉलरच्या दंडात नव्हते. हातात बिअर दिसली की माणसाला थांबवता येते, ओळखपत्र मागता येते, जुने वॉरंट निघते का ते पाहता येते. समन्स घेऊन जो तारखेला हजर राहत नाही त्याच्या नावाने वॉरंट निघते, आणि पुढच्या वेळी तो थेट कोठडीत जातो. शहरात दिल्या जाणाऱ्या फौजदारी समन्सांत सार्वजनिक मद्यपान वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले.

ही समन्से कोणाला मिळत होती? २०१२ साली ब्रुकलिनमधल्या न्यायाधीश नोआक डिअर यांनी एका निकालपत्रात एका महिन्यातल्या समन्सांची पाहणी मांडली. ८५ टक्के समन्से कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांना, तर केवळ ४ टक्के गोऱ्यांना दिलेली होती. ब्रुकलिनच्या लोकसंख्येत गोरे एक तृतीयांशाहून अधिक आहेत. उद्यानातल्या संगीत मैफलीत गालिच्यावर बसून वाइन उघडणाऱ्यांकडे किंवा फुटबॉल सामन्याआधी स्टेडियमच्या वाहनतळात डिकी उघडून बिअर वाटणाऱ्यांकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नव्हते. २०१६ साली मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी अशा प्रकरणांत सहसा खटले न भरण्याचे जाहीर केले, आणि शहराने केलेल्या सुधारणा कायद्यानुसार २०१७ पासून यातली बरीच प्रकरणे फौजदारीऐवजी दिवाणी समन्सवर निभावू लागली. नियम मात्र पुस्तकात कायम आहे.

गाडीतल्या बाटलीची कथा वेगळ्या रस्त्याने आली. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे कायदे मोटारीइतकेच जुने: न्यू जर्सीने १९०६ साली तो केला, न्यूयॉर्कने १९१० साली. पण ‘प्यायलेला’ म्हणजे किती, हे मोजायचे साधन नव्हते. १९३० च्या दशकात श्वासातले मद्य मोजणारे पहिले यंत्र आले, १९५४ साली रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांचे ब्रेथलायझर आले, आणि रक्तातले ०.१५ टक्के मद्य ही मर्यादा बऱ्याच राज्यांनी धरली. आजच्या ०.०८ च्या जवळपास दुप्पट. त्या रेषेच्या आत असणाऱ्याने एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात बिअर धरली तरी अनेक राज्यांत कायदा आडवा येत नव्हता.

पश्चिमेकडच्या लांबलचक रस्त्यांवर तर ही जीवनपद्धतीच होती. माँटानात दोन गावांमधले अंतर मैलांऐवजी बिअरच्या संख्येत सांगितले जाते, हा जुना विनोद पूर्णपणे विनोद नव्हता. टेक्सासमध्ये १९८७ पर्यंत गाडी चालवता चालवता पिणे कायदेशीर होते. त्या वर्षी चालकाच्या पिण्यावर बंदी आली, तीही पोलिसाने त्याला घोट घेताना प्रत्यक्ष पाहिले तरच लागू होणारी. पोलीस दिसताच कॅन खाली ठेवला की प्रकरण मिटले. उघडी बाटली गाडीत असणेच गुन्हा ठरायला तिथे २००१ साल उजाडले.

हा बदल घडवणारी शक्ती होती रस्त्यांवर माणसे गमावलेल्या कुटुंबांची. कॅलिफोर्नियात १९८० साली दारू प्यालेल्या चालकाच्या धडकेत तेरा वर्षांची मुलगी गेल्यावर तिची आई कँडी लाइटनर यांनी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना काढली. चार वर्षांत तिचा दबाव राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचला. दारूचा विषय घटनेने राज्यांना दिलेला असल्याने केंद्र सरकारला थेट कायदा करता येत नव्हता, पण हायवेचा पैसा केंद्राच्या हातात होता. १९८४ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना दारू विकत घेऊ देणाऱ्या वा सार्वजनिकरीत्या बाळगू देणाऱ्या राज्यांचा काही हायवे निधी रोखण्याची तरतूद केली. साउथ डकोटा राज्य या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ साली हरले. नाक दाबून तोंड उघडण्याची ही युक्ती घटनेत बसते हे एकदा ठरल्यावर ती पुन्हा वापरली जाणार हे उघड होते.

ती १९९८ साली वापरली गेली. त्या वर्षीच्या हायवे निधी कायद्याने गाडीतल्या उघड्या बाटलीवर समाधानकारक कायदा न करणाऱ्या राज्याचा काही रस्ते निधी अडवण्याचे ठरवले: आधी दीड टक्का, २००३ च्या आर्थिक वर्षापासून तीन टक्के. हा पैसा राज्याकडून काढून घेतला जात नव्हता. तो रस्ते बांधण्याऐवजी रस्ता-सुरक्षेच्या आणि दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या कामांवर खर्च करावा लागे. १९८४ च्या मानाने हा दट्ट्या मवाळ होता, आणि काही राज्यांनी तो मुकाट्याने सोसणेच पसंत केले.

‘समाधानकारक’ कायदा कोणता, याची व्याख्या केंद्राने बारकाईने केली. बंदी पिण्यावर हवी आणि उघडे भांडे बाळगण्यावरही. ती बिअर, वाइन आणि स्पिरिट या सगळ्यांना लागू हवी. रस्त्याबरोबरच त्याच्या कडेलाही लागू हवी, म्हणजे गाडी बाजूला घेऊन पिणारा सुटणार नाही. पोलिसाला केवळ या कारणासाठी गाडी अडवता यायला हवी. आणि ती गाडीतल्या सर्वांना लागू हवी. यातली शेवटची अट राज्यांना सर्वांत जाचली, पण तिच्याशिवाय कायद्याला अर्थ नव्हता: पोलीस दिसताच बाटली शेजारच्याच्या मांडीवर जाते आणि चालक हात झटकतो. सूट मिळाली ती बस, टॅक्सी आणि लिमोझिनमधल्या प्रवाशांना, तसेच फिरत्या घरासारख्या गाडीच्या राहण्याच्या भागाला. उघडी बाटली न्यायचीच असेल तर ती डिकीत टाकावी. डिकी नसलेल्या गाडीत शेवटच्या आसनामागे किंवा कुलूप लावलेल्या कप्प्यात. पार्टीतून उरलेली अर्धी बाटली घरी नेणाऱ्या अमेरिकन कुटुंबांना हा नियम तोंडपाठ असतो. तिथे स्थायिक झालेली मराठी मंडळीही तो लवकर शिकतात.

बहुतेक राज्ये या चौकटीत आली. माँटानाने २००५ साली कायदा केला. मिसूरी आणि टेनेसी यांसारख्या काही राज्यांनी राज्याच्या पातळीवर शेजारी बसलेल्या प्रवाशाला मोकळे ठेवले, आणि मिसिसिपीने राज्यव्यापी कायदा केलाच नाही; तिथे हा विषय गावागावावर सोपवलेला आहे. लुइझियानाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे गाडीत बसल्याबसल्या खिडकीतून बर्फाळ डाकिरी देणारी दुकाने १९८० च्या दशकापासून भरभराटीला आली होती. गाडीतल्या उघड्या बाटलीवर बंदी आली तेव्हा राज्याने या धंद्यापुरती व्याख्याच बेतून घेतली: झाकण काढलेले नाही, स्ट्रॉ खोचलेली नाही आणि पेय कमी झालेले नाही, तोवर तो पेला उघडा नाही. दुकानदार झाकणावर चिकटपट्टी लावतो, स्ट्रॉ वेगळी देतो आणि गाडी कायदेशीरपणे रस्त्याला लागते.

लुइझियानातल्याच न्यू ऑर्लिन्समध्ये पायी चालणाऱ्यावरही बंदी नाही. तिथे बारमधून निघताना उरलेले पेय प्लॅस्टिकच्या पेल्यात ओतून रस्त्यावर नेता येते; आक्षेप आहे तो काचेला. जॉर्जियातल्या सवाना शहराच्या जुन्या भागात माणशी एक, सोळा औंसांपर्यंतचा प्लॅस्टिकचा पेला चालतो. पर्यटकांचा पैसा जिथे मोठा तिथे रस्त्यावरच्या पिण्याकडे बघण्याची दृष्टी अशी सैलावते. मरगळलेल्या बाजारपेठा जागवू पाहणाऱ्या इतर शहरांनी हे हेरले. ओहायोने २०१५ साली शहरांना आपल्या हद्दीत असे मोकळे टापू आखण्याची मुभा दिली, आणि पुढच्या काही वर्षांत लहान लहान गावांनीही ते आखले. २०२० च्या साथीत हॉटेले बंद पडली तेव्हा न्यूयॉर्कसह अनेक राज्यांनी कॉकटेल पार्सल देण्याची तातडीची परवानगी दिली, आणि त्याच वर्षी आयोवाने ती कायमची केली. या परवानग्यांतही एक अट ठेवली गेली: भांडे सीलबंद असले पाहिजे. ओहायोच्या टापूत मिळालेला पेला काचेचा असू नये, तो त्याच टापूतल्या परवानाधारकाकडून घेतलेला असावा, आणि तो घेऊन माणूस शेवटच्या पाटीपलीकडे गेला किंवा गाडीत बसला, तर उघड्या भांड्याचा मूळ कायदा त्याला पूर्वीसारखाच लागू होतो.